सदतीस अंशांची खोली

१

पाराताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण हातात लाकडी पेटी आणि पेटीत पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन जी बाई बावीस वर्षं एकाच संशोधन संस्थेच्या खोल्यांतून हिंडते आहे, तिला लोक दुसरं काय म्हणणार? हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवी माणसं "ह्या कोण?" म्हणून विचारायची, आणि मग ताईंनाच हसू यायचं.

काम तसं साधं होतं. संस्थेत एकाच छपराखाली नाना शास्त्रं नांदत होती. तळघरात पदार्थविज्ञानवाले, पहिल्या मजल्यावर शेतीवाले, दुसऱ्यावर जिवाणूवाले आणि मागच्या अंगाला बियाण्यांचं शीतगृह. प्रत्येकाची एक खास खोली, आणि प्रत्येक खोलीचं तापमान ठरलेलं. तळघरात धातूच्या पट्ट्यांची लांबी मोजायची खोली वीस अंशांवर. रोपांची खोली पंचवीस अंशांवर. जिवाणू वाढवायची उबेची खोली सदतीसवर. शीतगृह उणे अठरा. भिंतीवरचे थर्मामीटर नवे असताना खरं बोलतात, आणि जुने झाले की माणसांसारखंच थोडंथोडं वाढवून सांगायला लागतात. म्हणून रोज सकाळी साडेनऊला निघायचं, चारही खोल्यांत आपला पारा लावायचा, भिंतीवरच्याशी ताडून पाहायचा आणि वहीत आकडा टिपायचा.

पारा स्थिरावायला सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात करण्यासारखं काहीच नसतं. त्या सहा मिनिटांत ताई बोलत. कोणाशी, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. खोलीशीच म्हणायचं. "काय, बरं आहे ना सगळं?" इथपासून सुरुवात व्हायची आणि मग शेजारणीचं बिनसलेलं लग्न, गुडघा, बसमध्ये भांडलेली दोन माणसं, नवऱ्यानं कापलेला चुकीचा कोट, असं काहीही. एका खोलीत अर्धी राहिलेली गोष्ट पुढच्या खोलीत पुरी व्हायची.

नवरा शिंपी. घरातच मशीन टाकून बसलेला. तो म्हणायचा, "अगं, तुझं नि माझं काम एकच. मापं घ्यायची. फक्त तुझी गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत."

ताई सुखी होत्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते दुःखी, एकट्या माणसाच्या मनाचे खेळ म्हणून सोडून देता येईल. ताई तशा नव्हत्या. रात्री डोकं टेकलं की झोप, आणि सकाळी कामावर जायची हौस.

त्या सोमवारी तळघरातल्या खोलीत पाऱ्यानं वीस पूर्णांक तीन दाखवलं.

२

तीन दशांश म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हीआम्ही म्हणू. त्या खोलीत ते मोठं होतं. धातू एवढ्याशा उबेनंसुद्धा लांबतो, म्हणून तिथे दहा मिनिटांच्या वर कोणी थांबायचंच नाही असा नियम. दाराला कुलूप. किल्ल्या दोनच, एक ताईंकडे आणि एक पदार्थविज्ञानवाल्या सरांकडे. आत पट्ट्यांचं टेबल, एक लोखंडी स्टूल आणि हवेच्या झडपेचा सूंऽऽ असा एकसुरी आवाज.

सरांनी आकडा पाहिला, चष्मा कपाळावर चढवला. "ताई, माणूस म्हणजे नुसता बसला तरी शंभराचा दिवा. एवढी ऊब देतो. इथे कोणी तरी पंधराएक मिनिटं बसून गेलंय."

"तुम्ही आला होतात?"

"मी आत्ता येतोय. डबासुद्धा हातात आहे अजून."

दोघं हसले. मंगळवारी पुन्हा तीन. बुधवारी पुन्हा. बुधवारी रोपांच्या खोलीतही पाव अंश जास्त आला, आणि शीतगृहात उणे अठराच्या जागी उणे सतरा पूर्णांक सात. फक्त जिवाणूंच्या उबेच्या खोलीत सदतीस ते सदतीस, काट्यावर काटा.

ताईंची बुद्धी शाबूत होती. त्यांनी आधी आपल्या पाऱ्यावर संशय घेतला, तो वितळत्या बर्फात बुडवून शून्य तपासून पाहिला. पारा खरा होता. मग यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे जाडजूड, नेहमी जिना अडवून उभा राहणारा माणूस. त्यांनी तीनही खोल्यांच्या मागचे कॉम्प्रेसर उघडले, कान लावून ऐकले, आणि तेलाचे हात पुसत म्हणाले, "ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा जास्त जगतील."

"मग ऊब येते कुठून?"

"आता ते मला कसं कळणार ताई? यंत्रातून येत नाही, एवढं लिहून देतो."

गुरुवारी त्या तळघरात गेल्या. कुलूप स्वतः काढलं. पारा लावला, आणि गुडघा कुरकुरत होता म्हणून स्टुलावर बसल्या. बसल्या आणि उठल्या. लोखंडी स्टूल, वीस अंशांच्या खोलीतलं. ते गार लागायला हवं होतं. कोणी तरी आत्ताच उठून जागा दिल्यावर बसमधलं सीट जसं लागतं, तसं ते कोमट होतं.

झडपेचा आवाज चालूच होता. ताईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि वाकल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी सहा मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत. खोली गप्प राहिल्यासारखी वाटली, म्हणजे नेहमी असते त्याहून जास्त गप्प. समोरचा आपण बोलायची वाट पाहतो तेव्हा असतो, तसं.

३

पुढच्या आठवड्यात बियाणेवाल्या सरांनी चारही खोल्यांत आपोआप नोंद घेणारी यंत्रं बसवली. कागदाची पट्टी सरकते आणि तिच्यावर रेघ उमटत जाते. पाच दिवसांच्या पट्ट्या त्यांनी मोठ्या टेबलावर शेजारीशेजारी पसरल्या आणि सगळ्यांना बोलावलं.

गोष्ट अगदी उघड होती. रोज सव्वानऊला तळघराची रेघ चढायला लागे. साडेनऊला ताई आत शिरत, सहा मिनिटांनी बाहेर पडत, आणि रेघ उतरायची. मग दहाला रोपांच्या खोलीची रेघ चढे. ताई तिथे सव्वादहाला पोचत. शीतगृहाची सव्वाअकराला चढे, ताई साडेअकराला येत. रेघ कधीही दोन खोल्यांत एकदम चढलेली नव्हती. जे काही होतं ते एकच होतं, ताईंच्याच वाटेनं जात होतं, आणि दर ठिकाणी पंधरा मिनिटं आधी पोचत होतं.

"उबेच्या खोलीत मात्र काही नाही," बियाणेवाले सर म्हणाले.

"नाही ना? मग मी जाऊ?" हे जिवाणूवाल्या मॅडम. हुशार बाई, पण घडी घातलेल्या कपड्यासारखी. कोणात मिसळायची नाही, डबा आपल्या खोलीत एकटीनंच खायची, आणि जिन्यात समोर आली तरी मान वर करायची नाही. दिवसातले चार-पाच तास ती त्या सदतीस अंशांच्या खोलीत काचेच्या बशा हलवत असायची. जाता जाता ती दारात थांबली. "ताई, थकायला होत असेल तर तसं सांगावं. आधी येऊन बसायचं आणि मग वेळेवर आल्याचं दाखवायचं, हे बरं नाही."

ताईंचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

"मॅडम, शीतगृहाच्या दाराला नोंदवही आहे," बियाणेवाले सर शांतपणे म्हणाले. "ताई साडेअकरालाच आत जातात." मग ताईंकडे वळून ते म्हणाले, "पण असं करू. एक आठवडाभर फेरी बंद ठेवू. यंत्रं नोंद घेतायतच. काय होतं ते पाहू."

घरी ताईंनी सगळं सांगितलं. नवरा टाके घालता घालता ऐकत होता. त्यानं दोरा दातानं तोडला.

"मला तर यात काही वावगं दिसत नाही. कोणी तरी तुझी वाट बघतंय, दुसरं काय."

"अहो, थट्टा नको."

"थट्टा कसली? रोज ठरल्या वेळी येऊन बोलणारं माणूस मिळायला नशीब लागतं. मीसुद्धा सहाला दाराकडे बघायला लागतोच की."

त्याच्या बोलण्यानं ताईंना बरं वाटलं, आणि थोड्या वेळानं तेच आठवून त्यांनी उठून दाराला कडी घातली. कारण नवरा दाराकडे बघतो तो त्या येईपर्यंत. आल्या नाहीत, तर तो उठून शोधायला निघेल.

४

पहिले दोन दिवस ताई आपल्या टेबलाशी बसून जुने थर्मामीटर पुसत राहिल्या. तळघराची रेघ सव्वानऊला चढली, साडेनऊच्या पुढेही चढत राहिली, आणि दुपारी उतरली. रोपांच्या खोलीची त्यानंतर चढली आणि संध्याकाळी उतरली. तिसऱ्या दिवशी ती दोन्हींकडे चढलीच नाही.

फक्त शीतगृहाची चढली, आणि उतरली नाही.

शीतगृह म्हणजे संस्थेचा जीव. चंदेरी पाकिटांत सीलबंद केलेलं बियाणं, कपाटांच्या अकरा रांगा. त्यातले कितीतरी वाण आता कुठल्याच शेतात उरले नव्हते. जे काय होतं ते ह्या पाकिटांत. बियाणेवाल्या सरांच्या आधी त्यांच्या गुरूंनी आणि त्यांच्याही आधी कोणी कोणी ते मुठीमुठीनं गोळा केलं होतं. थंडीत ते झोपून राहतं. ऊब लागली की ते म्हातारं व्हायला लागतं, आणि एकदा मेलं की पुन्हा पेरून उगवत नाही.

बुधवारी उणे सतरा. गुरुवारी उणे सोळाच्या वर. मिस्त्रींनी दोन्ही कॉम्प्रेसर एकदम लावले, त्यांची घरघर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायला लागली, तरी शुक्रवारी सकाळी उणे चौदा. सर आणि मिस्त्री तीनदा आत जाऊन आले. कपाटं हलवली, दिवे तपासले, भिंती हातानं चाचपल्या. आत काही नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास सर ताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या भुवयांवर अजून हिमाचे कण होते. शास्त्रज्ञाला न शोभणारं एकच वाक्य ते बोलले.

"ताई, तुम्ही एकदा आत जाऊन येता का?"

"जाऊन करू काय सर?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही नेहमी जे करता ते."

५

शीतगृहाला दोन दारं. पहिल्या दाराच्या आत छोटी खोली, तिथे जाड कोट आणि हातमोजे चढवायचे. मग दुसरं दार, त्याला पुस्तकाएवढी काच. ती काच आतून हिमानं पांढरी झालेली असते. आज तिच्यावर एक गोल पुसलेला होता, आतल्या बाजूनं. गोल ताईंच्या तोंडासमोर येत होता.

सर किंवा मिस्त्रींनी पुसला असेल, असं ताईंनी मनाशी म्हटलं, आणि दार ओढलं.

दिवे लागले. पंख्यांची घरघर इतकी मोठी की स्वतःची पावलंही ऐकू येईनात. ताईंच्या तोंडातून वाफेचा ढग निघाला आणि विरला. त्यांनी नेहमीच्या खिळ्याला पारा अडकवला. घड्याळ पाहिलं. मग रांगांच्या मधल्या वाटेनं नजर टाकली.

चौथ्या आणि पाचव्या रांगेच्या मध्ये एक वाफेचा ढग निघाला.

तो कंबरेच्या उंचीवरून निघाला, थोडा पुढे आला आणि विरला. तिथे कोणी नव्हतं. एक रिकामं स्टूल होतं, पाकिटं खाली उतरवायला ठेवलेलं.

ताईंनी श्वास रोखला. आपलीच वाफ पंख्यानं तिकडे नेली असेल, तर आता निघणार नाही. त्या मनात मोजत राहिल्या. एक, दोन, तीन. मोजायची सवय कठीण वेळी उपयोगी पडते. नऊ झाले आणि पुन्हा तिथूनच ढग निघाला. पुन्हा नऊ, पुन्हा ढग. माणूस इतका सावकाश श्वास घेत नाही, झोपेतही नाही. स्टुलाखालच्या फरशीवरचं हिम वितळून तेवढाच काळा, ओला डाग पडला होता.

पळून जावं असं वाटलं का? वाटलं. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारच्या कपाटातल्या पाकिटांकडे गेलं. त्यांच्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. भीतीच्या जागी त्यांना चक्क राग आला; पावसात वाळवण भिजलेलं पाहून बाईमाणसाला येतो तसा.

"अशानं कसं चालायचं?" त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "ही दुसऱ्यांची ठेव आहे. इथे बसून राहायचं नसतं."

आता ढग पाचाच्या मोजणीला निघाला. मग तिनाच्या. कोणी उत्सुकतेनं कान टवकारले की श्वास भरभर व्हायला लागतो, तसं.

"मी आले नाही ते मला येऊ दिलं नाही म्हणून. रुसून काय उपयोग?"

ह्याला अरे म्हणावं की अगं म्हणावं, हे त्यांना कळेना. अहो म्हणावं इतकं परकंही वाटेना. म्हणून त्यांनी नुसतं "चल" म्हटलं.

पुढचा ढग कंबरेच्या उंचीवरून निघाला नाही. तो ताईंच्या तोंडाच्या उंचीवरून निघाला.

ताई वळल्या. पारा खिळ्यालाच राहिला. दार उघडताना त्यांनी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं.

बाहेर नेहमीचीच गरमी, तिथे वाफ दिसायचा प्रश्नच नव्हता. मागे पाहायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं. फक्त डाव्या दंडाला, कोटाच्या आतूनही, एक ऊब लागत होती. त्या बोलत सुटल्या. आठवडाभराचं साचलेलं होतंच. नवऱ्यानं पुढचं-मागचं उलटं शिवलेला कुडता, गळका नळ, मॅडम बोलल्या ते कसं जिव्हारी लागलं ते, सगळं. बोलत बोलत व्हरांडा, मग जिना.

जिन्याच्या वळणावर मिस्त्री उभे होते.

"ताई, कोणाशी बोलताय?"

"पाढे म्हणतेय. तुम्ही वाट द्या."

जिना अडवायची ज्यांची ख्याती, ते मिस्त्री भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे राहिले. ताई पुढे गेल्यावरही क्षणभर ते तसेच उभे होते. एका बाईला जायला एवढी वाट लागत नाही. मिस्त्रींनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी आपल्याच पोटाकडे चमकून पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर उबेची खोली. मॅडम तेव्हा आत नव्हत्या. ताईंनी दार उघडलं. ओलसर, कोंदट, माणसाच्या अंगाइतकीच उबदार हवा. काचेच्या बशांच्या उतरंडी. कोपऱ्यात एक स्टूल.

"इथे बस," त्या म्हणाल्या. "इथे तुझ्या उबेचा कोणाला त्रास नाही. मी रोज येईन."

त्या सहा मिनिटं थांबल्या. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. सदतीस. न कमी, न जास्त. डाव्या दंडाची ऊब आता ओळखू येत नव्हती, कारण सगळीकडे तीच होती.

६

त्याच संध्याकाळी शीतगृह उणे सतरावर आलं, आणि शनिवारी उणे अठरावर स्थिर झालं. सरांनी ओल्या कागदांत थोडंथोडं बियाणं रुजवून पाहिलं. जवळजवळ सगळं उगवलं. ते मोड आलेले ओले कागद हातात घेऊन, ताईंना दाखवायला, ते तीन जिने धावत आले. काय केलंत असं त्यांनी विचारलं नाही. "फेरी चालू करा," एवढंच म्हणाले.

मग दिवस फार छान गेले. तळघरात वीस ते वीस. स्टूल गारच्या गार. ताई आता तीन खोल्यांत थोडं बोलत आणि राहिलेलं उबेच्या खोलीसाठी राखून ठेवत. तिथे सहाची दहा मिनिटं होऊ लागली. भीती? सवय झाली की भीतीचीही धार जाते. ते तिथे आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. सदतीसमध्ये सदतीस मिसळले की काय दिसणार? आयुष्यभर मोजत आलेल्या बाईनं एक गोष्ट मुद्दाम अशा जागी ठेवली होती, जिथे ती मोजताच येत नाही, आणि तिला त्याचं समाधान होतं.

एवढ्यात लोकांच्या तोंडी मॅडमचं नाव यायला लागलं. "मॅडम हल्ली हसतात." "मॅडमनी आज मला नाव घेऊन हाक मारली." "मिस्त्रींच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, बोला!" त्या आता सगळ्यांबरोबर जेवणाच्या खोलीत जेवायला यायला लागल्या होत्या. तब्येत सुधारली होती, गालांवर रंग आला होता. ताईंनी तेही आनंदानं ऐकलं. माणूस माणसात आलं, यापरतं चांगलं काय?

एका सोमवारी उबेच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती. मातीतल्या बुरशीवर नवं काम सुरू झालंय, परवाच्या शनिवारपासून खोलीचं तापमान अठ्ठावीस केलंय.

ताईंनी ती दोनदा वाचली. अठ्ठावीसमध्ये ते दिसेल. रेघ चढेल. पुन्हा बैठक, पुन्हा पट्ट्या. आणि आता त्याला न्यायचं तरी कुठे?

त्या आत गेल्या. पारा लावला. सहा मिनिटं. अठ्ठावीस. कोपऱ्यात नेऊन लावला, अठ्ठावीस. स्टुलावर हात ठेवला, स्टूल गार होतं. शनिवार-रविवारची पट्टी पाहिली, तर रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ.

"आहेस का?" त्यांनी विचारलं. मग घरचं काहीबाही सांगून पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण भिंतीशी बोलतोय असं वाटलं.

त्या तळघरात धावल्या. वीस. रोपांच्या खोलीत पंचवीस. शीतगृहात उणे अठरा, आणि काचेवरचं हिम अखंड. गेलं म्हणायचं. सुटलो म्हणायचं. ताई व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या आणि पदरानं कपाळ पुसलं. त्यांना हलकं वाटायला हवं होतं.

पण मोजणाऱ्याची बुद्धी स्वस्थ बसत नाही. ते सदतीसमध्ये लपलं होतं. ती खोली आता सदतीसची राहिली नाही. मग ह्या इमारतीत आणखी कुठे सदतीस अंश आहेत?

त्याच वेळी जेवणाची घंटा झाली, आणि वरच्या मजल्यांवरून, हसत-बोलत, डबे हलवत, चाळीसएक माणसं जिना उतरू लागली.

७

जेवणाची खोली लांबट, दोन्ही बाजूंना खिडक्या, भरपूर उजेड. ताई दारात उभ्या राहिल्या. मिस्त्री कोणाच्या तरी डब्यातलं ओरपत होते. पदार्थविज्ञानवाले सर विनोद सांगत होते. सगळे नेहमीचे, सगळे ओळखीचे, सगळे उबदार.

"ताई, इकडे! तुमची जागा धरून ठेवलीय."

खिडकीजवळून मॅडम हात हलवत होत्या. त्या सरकल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली. ताई जाऊन बसल्या. बाकाचा तेवढा भाग कोमट होता, पण तो असणारच. मॅडम आत्ताच तिथून सरकल्या होत्या.

"तब्येत कशी आहे मॅडम?"

"फार छान. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं." मॅडमचा चेहरा खरोखरच उजळला होता. डोळ्यांत कुठलीही खोट नव्हती. लहान मुलानं आईच्या पिशवीकडे बघावं, तशा त्या ताईंच्या तोंडाकडे बघत होत्या. "तुमच्या त्या शेजारणीचं काय झालं हो पुढे? लग्न मोडलं का?"

ताईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. शेजारणीबद्दल त्या मॅडमशी कधी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मॅडम जराशा गोंधळल्या. कपाळाला आठी पडली आणि लगेच गेली, आठवत नसलेली गोष्ट सोडून देताना जाते तशी. "कोणी तरी सांगितलंच असेल. जाऊ द्या." मग त्यांनी ताईंच्या दंडावर हात ठेवला. डाव्याच. "मला किनई हल्ली फार मजा वाटते, ताई. इतकी वर्षं नुसतंच ऐकून घ्यायचं. आता विचारता येतं."

आजूबाजूला लोक हसत होते. कोणाचा तरी चमचा पडला. खिडकीबाहेरचं ऊन टेबलावर आलं होतं, आणि मॅडमचे खांदे त्या उन्हात सावकाश, फार सावकाश वर होत होते. ताई मोजायला लागल्या. सातपर्यंत आल्या, आणि मग त्यांनी मोजणं सोडून दिलं.

बियाणं वाचलं होतं. मॅडम सुखी होत्या. पूर्वीच्या मॅडमपेक्षा कितीतरी सुखी. हात उबदार होता, आणि तो काढून घ्यावा असं ताईंना वाटेना. तेच त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं.

"सांगा ना," मॅडम म्हणाल्या. "मी थांबलेय."

ताईंनी डबा उघडला, अर्धी पोळी मॅडमच्या ताटलीत ठेवली, आणि शेजारणीची गोष्ट जिथे सोडली होती तिथून सांगायला सुरुवात केली.